पाटील मॅडमचं वर्षभराचं काम

अक्कांनी तांब्या हातात घेतला आणि पाणी शिंपडायला सुरुवात केली. आधी देवघराच्या उंबऱ्यावर. मग मी बसले होते त्या दिवाणावर. मग मीच देवापुढे ठेवलेल्या लग्नपत्रिकेवर.

पत्रिका छापलेली नव्हती. छपाईच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना होता तो. मी माझ्या घरच्या प्रिंटरवर जाड कागदावर काढला होता. त्या शाईला पाणी चालत नाही. कुंकवाचा लाल मी किती वेळा बदलून बदलून जमवला होता. तो गणपतीच्या सोंडेवरून ओघळला आणि खाली 'कुलस्वामिनी प्रसन्न' या ओळीवर पसरला. नवरीचं नाव तर वाचता येईना.

मी तेव्हा बाहेर ओट्यावर उभी होते. चपला घालून. दारातून आतलं सगळं दिसत होतं. कुणी दार लोटून घ्यायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

अर्ध्या तासापूर्वी मी याच घरात पाहुणी होते. चोपड्याजवळचं गाव, केळीवाल्यांचा बंगला. नमुना दाखवायला मी स्वतःच आले होते. नवरदेवाचे वडील नाना स्वतः फाटकापर्यंत आले होते. त्यांच्या आईने, म्हणजे अक्कांनी, मला हाताला धरून दिवाणावर बसवलं. कपबशीत चहा दिला. आणि आमच्याकडे चहाबरोबर जे विचारतातच ते विचारलं.

"कोनता पाटीलसनी पोर शे व तू?"

"शिरपूरकडच्या," मी म्हणाले.

मी शिरपूरला कधी मुक्कामालासुद्धा गेलेली नाही. आणि मी पाटील नाही. ते पुढे सांगते.

अक्कांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बोटाने वेलबुट्टी चाचपली. खूश झाल्या. त्यांच्यात पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवायची रीत. नमुना असला म्हणून काय झालं, पहिली ती पहिलीच. त्या म्हणाल्या, "तूच ठेव व देवपुढे. तुनाच हातनं काम शे." आणि मला देवघरात घेऊन गेल्या. मी वाकून पत्रिका ठेवली. हळदकुंकू लावलं. खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं होतं. माझ्या कामाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

तेवढ्यात धुळ्याहून लग्नाच्या तयारीसाठी आलेल्या त्यांच्या नात्यातल्या बाई जिना उतरून खाली आल्या. माझ्या शाळेतल्या बाई. मला पाहून त्यांना आनंदच झाला. "अगं, तू आपल्या शिपाईमावशीची पोरगी ना? केवढी झालीस!"

माझी आई धुळ्यात त्या शाळेत शिपाई होती. रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीतला माठ तीच भरायची. या बाई त्या माठातलं पाणी प्यायच्या नाहीत. घरून बाटली आणायच्या. आईला ते माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या शाळेला माहीत होतं. कुणी कधी बोललं नाही.

बाईंनी अक्कांना बाजूला घेतलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. अक्कांचा हात गालावर गेला. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुम्ही जरा ओट्यावर थांबा."

आतून अक्कांचा आवाज आला. "देवघरमा गयी ना ती. बठ्ठं बाटी गयं." म्हणजे सगळं बाटलं.

मग तांब्या.

शिंपडून झाल्यावर अक्का पत्रिकेचा एक कोपरा चिमटीत धरून बाहेर आल्या. ओट्यावर माझ्यापासून चार हात लांब ती ठेवली. गणपतीचं चित्र होतं म्हणून फेकली नाही, एवढंच. म्हणाल्या, "हाई खराब हुई गयी. दुसरी काढी आन. कोना हाते धाडी दे."

म्हणजे पत्रिका हवी. डिझाइन हवं. आणायला मी नको.

आणि मी काय म्हणाले? "पाठवते."

एवढंच. ओली पत्रिका उचलली, पिशवीत घातली आणि एसटीला उभी राहिले. राग नंतर आला. आधी लाज आली. लाज त्या घराला वाटायला हवी होती आणि ती घेऊन मी चोपड्याहून निघाले. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का हो?" मी नाही म्हणाले.

आता पाटील मॅडमची गोष्ट.

मी धुळ्यात घरूनच डिझाइनचं काम करते. नोकरी नाही. मिळेल ते काम घ्यायचं. पण काम मिळतं कुणाकडून? जळगावला एक मोठी प्रेस आहे. मालकांना सगळे आबा म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या चौकांतले निम्मे बॅनर त्यांच्या मशीनवरून निघतात. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी माझं काम पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हातात कला आहे तुझ्या." आवाज मायेचा. माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाला फोन लावला. "आमच्या पाटील मॅडम करतील तुमचं काम."

मी पाटील नाही, हे त्यांना माहीत होतं. फोन ठेवून ते हसले. "अगं, सोपं पडतं. पाटील म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही."

साफ चूक. आमच्याकडे पुढचं विचारल्याशिवाय माणसाचा चहा संपत नाही. कुठलं गाव, कुणाकडचे, मामा कोण. मग आबांनी मला शिरपूर दिलं. "शिरपूरकडचे सांग. तिकडं पाटील पुष्कळ. आणि गिऱ्हाइकाकडं स्वतः जाऊ नकोस." असं त्यांनी माझं आडनाव बदललं आणि गावही. मला विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. तेव्हा वाटलं, आधी काम तर बघू देत लोकांना. एकदा काम आवडलं की सांगून टाकू. हे 'एकदा' वर्षभर आलं नाही. उलट काम आवडलं की सांगणं आणखी अवघड होत गेलं. चांगल्या चाललेल्या कामात खडा कोण टाकणार?

काम मात्र मी जीव ओतून केलं. ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. साक्रीच्या एका बियाणेवाल्यासाठी पिशवी केली, त्यावरचं कापसाचं बोंड मी शेतात बसून काढलं. केळीच्या वेफर्सचं पाकीट केलं. सगळे भडक पिवळा वापरतात. मी झाडावरून उतरवलेल्या घडाचा हिरवट पिवळा वापरला. दुकानदार आधी नाक मुरडत होता, नंतर त्याच पाकिटाला मागणी आली. दीपनगरच्या कॉलनीतल्या एका क्लासचा फलक केला, त्याची अक्षरं मी कागदावर पेनने लिहून मग कॉम्प्युटरवर घेतली.

आणि वाढदिवसांचे बॅनर. त्यांचं काय सांगू. मधे भाऊंचा मोठा फोटो, हात जोडलेले, काळा गॉगल. खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. कुणाचं मुंडकं कुणाच्या वर, कुणाचं किती मोठं, यावर भांडणं. एकाचा फोटो मी चुकून शेजारच्यापेक्षा बोटभर लहान केला, तर बॅनर चौकात चढायच्या आत त्याचा फोन. "मॅडम, माझी काही इज्जत आहे की नाही?" मी मोठा करून दिला. पत्रिकेतही तेच. आप्त, निमंत्रक, समस्त परिवार, आणि खाली काकाच्या लग्नाला यायचं बजावणारी पोरंटोरं. एक नाव राहिलं तर नातं तुटतं. वर्षभर मी हेच केलं. सगळ्यांची नावं जागेवर बसवली. एकाचीही इज्जत कमी होऊ दिली नाही.

माझं नाव मात्र कुठेच नव्हतं. जे होतं ते माझं नव्हतं.

गल्लीत जयंतीचा बॅनर मात्र मी माझ्या हौसेने केला. निळा. चांगला झाला होता. आबांना तो दाखवायची इच्छा झाली, मोबाइलमध्ये काढलासुद्धा. मग दाखवला नाही. पाटील मॅडमच्या मोबाइलमध्ये तो कसा आला, हे कुणाला काय सांगणार? तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कुठे अडकले आहे. मी माझ्याच कामापासून लपायला लागले होते.

चोपड्याहून आल्यावर मी दुसरा नमुना काढून दिला. होय, दिला. आबांनी तो प्रेसमधल्या माणसाकडून पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा खुशीचा फोन. "अक्कांना फार आवडली पत्रिका. देवघरात ठेवली म्हणे. आता फायनल फाईल धाड, छापायला घेतो." चोपड्याचा प्रकार त्यांना नानांकडून कळलेला होता. त्याबद्दल म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं ना, जायचं नाही कुठं. तू घरीच बस बेटा. काम तुझंच राहील. फक्त चेहरा नको."

मी फोन ठेवला. दुसरी पत्रिकासुद्धा माझ्याच हातची होती. त्याच प्रिंटरवर, याच बोटांनी काढलेली. ती देवघरात चालली. तिच्यावर पाणी पडलं नाही, कारण तिच्यासोबत मी दिसले नाही. माझं काम देवापुढे चालतं, मी चालत नाही. आणि ही व्यवस्था बिनबोभाट चालू राहावी म्हणून आबांनी मला पाटील केलं होतं. माया वगैरे काही नाही. ते आडनाव म्हणजे अक्कांच्याच तांब्यातला थेंब होता. आधीच शिंपडून ठेवलेला.

आई भाजी निवडत बसली होती. तिला मी वर्षभर काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. बाईंचंही. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. भाजीतून वर न बघता म्हणाली, "मी शाळामा पानी भरं, पन आडनाव नही बदलं. तू ते एक वरीसमा बदली टाकं."

एवढंच बोलली. ते पाण्यापेक्षा जास्त लागलं.

मी आबांना फोन केला.

"आबा, नानांना तुमच्या तोंडाने उघड सांगा की ही दुसरी पत्रिकाही मीच केली आहे. माझं खरं आडनाव सांगा. मग फाईल देते."

"वेडी आहेस का? माहीत असणं वेगळं. उघड सांगितलं तर ते घेतील का पत्रिका?"

"मग नका घेऊ म्हणावं."

"बेटा, लग्न तोंडावर आलंय. मी तुला कुठून कुठं आणलं."

"तुम्ही मला आणलं नाही, आबा. पाटील मॅडमना आणलं. त्या आता नाहीत."

फोन कट झाला. फाईल मी दिली नाही. नमुना समोर ठेवून आबांनी दुसऱ्या कुणाकडून तशीच पत्रिका करून घेतली. मी ती नंतर पाहिली. वेलीची वळणं चुकली होती, कुंकू गुलाबी झालं होतं. पण बाटली नव्हती, त्यामुळे सगळे समाधानी असतील.

तेव्हापासून आबांचं काम बंद. त्यांच्यामुळे येणारी गिऱ्हाइकंही बंद. बियाणेवाला फोन उचलत नाही. क्लासवाल्या सरांनी "बघू" म्हटलं. मी घरात त्याच खुर्चीत, त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेली असते. सुटले असं अजिबात वाटत नाही. दार उघडलं आणि समोर आणखी एक भिंत निघाली, असं वाटतं.

वर्ष संपताना आमच्या धंद्यातले सगळे इंटरनेटवरच्या आपापल्या पानावर वर्षभराचं काम टाकतात. चौकोन चौकोन करून, झकास मांडून. मीही मांडायला बसले. बोंड, वेफर्स, फलक, भाऊंचा गॉगल. सगळं चांगलं होतं आणि सगळं पाटील मॅडमचं होतं. एकेक करत मी सगळं काढून टाकलं. निळा जयंतीचा बॅनर ठेवला. मग पिशवीतून ती ओली झालेली पत्रिका काढली. वाळून कडक झाली होती, लाल रंग खालपर्यंत वाळला होता. खिडकीतल्या उजेडात तिचा फोटो घेतला. नवरानवरीचं नाव, गाव, घर, सगळं झाकलं. त्या पोरीचा यात काही दोष नाही. खाली माझं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं. आडनाव लिहिलं, सगळ्यात ठळक. आणि एक ओळ: 'ही पत्रिका मी केली. मी देवघरात गेले म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं.'

दुपारपर्यंत आबांचा फोन. इतक्या दिवसांनी.

"ते काढून टाक. मी नानांशी बोलतो. कामं पुन्हा सुरू करू. पाटील नको म्हणतेस तर नुसतं नाव ठेवू, आडनावच नको."

"काढणार नाही."

"कुणी काम देणार नाही तुला जळगाव-धुळ्यात."

"माहीत आहे."

खरंच माहीत आहे. परवाच एकाचा फोन आला होता, दुकानाचा बोर्ड करायचा होता. रंग कोणता, माप काय, काही विचारायच्या आत मी आधी आडनाव सांगितलं. तो "कळवतो" म्हणाला. कळवलं नाही.

नको कळवू. पुढचा फोन येईल तेव्हाही मी आधी आडनाव सांगणार आहे, काम नंतर दाखवणार आहे. ज्याला तांब्या उचलायचा असेल त्याने तो माझ्या तोंडावर उचलावा. मी ओट्यावर उतरणार नाही.