टोपण राखाडी, नळी साधी

प्रयोगशाळेत तिला शंकासुर म्हणत. म्हणोत बापडे! तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं की माणसाच्या शब्दावर विश्वास राहत नाही.

धाकटा दीर कागद नाचवत आला. "वहिनी, उपाशीपोटीची साखर एकशे आठ! उद्या डॉक्टर इन्सुलिन निम्मं करणार."

"शक्यच नाही. भावोजी, रक्त कुणाचं दिलंत? जाऊबाईंचं?"

"माझंच! आणि खाली सही कुणाची आहे?"

सही तिचीच होती. पण परवाच गृहस्थांनी केकचे तीन तुकडे हाणलेले तिनं पाहिले होते. इन्सुलिन निम्मं झालं तर महिन्याभरात हे दवाखान्यात. तिनं जाऊबाईंना आडून विचारलं. सुई भावोजींच्याच दंडात गेली होती, सकाळी सातला. यंत्राच्या नोंदीत मात्र नळी चढली दुपारी एकला. सहा तास!

नळीतलं रक्त काही लगेच मरत नाही. लाल पेशी ऑक्सिजनची हमाली करतात, पण स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत. साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करून त्यावरच जगतात. उकाड्यात तर अधाशासारख्या. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी लागते. तिच्या तळाशी फ्लोराइडची पूड असते, ती पेशींचं हे खाणं थांबवते. टोपण राखाडीच होतं. मग?

फ्रिजमधली नळी तिनं तिरपी केली. आत गुठळी! राखाडी नळीत रक्त गोठत नाही.

घरोघर जाऊन रक्त आणणाऱ्या माणसाला तिनं गाठलं. "काय केलंत?"

"राखाडी नळ्या संपल्या होत्या, मॅडम. साध्या आणल्या की तुम्ही परत पाठवता. म्हणून जुनी टोपणं धुऊन लावली. रंग बरोबर होता ना?"

"वाघाचं कातडं पांघरून गाढव वाघ होतं का हो? किती नळ्या?"

"अकरा."

तिनं आपल्या सहीचे अकराही रिपोर्ट रद्द केले, साहेबांची बोलणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच सुई घेऊन दिराच्या दारात उभी राहिली. साखर निघाली एकशे बासष्ट. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी करायचं सोडून दोन युनिट वाढवलं.

"वहिनी, कालचाच आकडा राहू दिला असतात, तर कुणाला कळलं असतं?"

"तुमच्या डोळ्यांना कळलं असतं. मग मूत्रपिंडांना."

दिरानं नवा रिपोर्ट चुरगळून खिशात कोंबला. पुढच्या वेळी हा दुसरी प्रयोगशाळा शोधणार, हे तिनं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.