हो न म्हणता

नोकरी सोडली म्हणजे काय, तर एका सकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलेच नाही. निगडीहून निघालेली बस निघोज्याला आमच्या गेटात शिरली, सगळे आपापले डबे घेऊन उतरले आणि मी खिडकीपाशी तशीच बसून राहिले. पाय जड झाले होते, भीती वाटत होती, असं काही नव्हतं. आता उठायचं असतं, एवढंच डोक्यातून पुसलं गेलं होतं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

"मॅडम, तब्येत बरी नाही का?"

"परत कधी निघता?"

"नाइट शिफ्टवाले बसले की लगेच."

"मग मी बसते."

रात्रपाळीची माणसं चढली. एक जण माझ्या शेजारी टेकला आणि कुरुळी यायच्या आत घोरायला लागला. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, ते मी बाजूला केलं नाही.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. आमचा माल पुढच्या मोठ्या कंपनीत नापास झाला की सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब मला उभं करायचे. ते शिवी देत नसत, आवाजही चढवत नसत. फक्त विचारायचे, "मॅडम, मग तुम्ही इथं कशाला आहात?" आणि उत्तराची वाट बघायचे. टेबलाभोवतीची माणसं आपापल्या पेनांकडं बघत बसायची. मी माल अडवला तर गाडी खोळंबली म्हणून हा प्रश्न, सोडला तर माल परत आला म्हणूनही हाच प्रश्न. सुरुवातीला मी घरी येऊन रडायचे. पुढं रडणं बंद झालं. मला वाटलं, सवय झाली. मग आई गेली, आणि तेव्हाही रडू आलं नाही.

घरी आता पप्पा आणि मी. पप्पांची सगळी हयात पिंपरीतल्या कारखान्यात मशीनवर गेली. मी भरदिवसा घरी आलेली बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. सोडली." त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडं बघितलं आणि चहा ठेवला. नंतर रीतसर राजीनामा पाठवला, तो मंजूरही झाला. सुटल्यासारखं वाटेल अशी मी वाट बघत होते. तसं काही वाटलं नाही. दुपारी मी पंख्याखाली पडून असायचे. जेवताना भाजीत मीठ नाही हे पप्पांनी सांगितल्यावर कळायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. नगरकडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ख्रिस्ती. एकट्याच असतात. त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगटाला प्लास्टर बसलं. रिक्षात चढता-उतरताना हात दुखतो म्हणून त्यांनी पप्पांना विचारलं, मुलगी रविवारी स्कूटरवर सोडेल का चर्चला, उपासनेला? पप्पांनी माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. नाही म्हणायलाही मला काही सुचलं नसतं.

पहिल्या रविवारी मी बाहेर स्कूटरवर बसून राहिले. दुसऱ्या रविवारी ऊन फार होतं, म्हणून आत जाऊन मागच्या बाकावर बसले. पेटी, ढोलकी, मराठी गाणी. शेजारच्या बाईंनी गाण्यांचं पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी शब्द वाचत गेले, पण त्यातला एकही आत उतरला नाही. तरी पुढच्या रविवारी गेले आणि त्याच्या पुढच्याही. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

मग एकदा प्रवचनात तिथल्या पाळकसाहेबांनी एक गोष्ट घेतली, पाणी हललं की पहिला उतरणारा बरा होतो अशा तळ्याकाठी कित्येक वर्षं पडून असलेल्या आजारी माणसाची. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? पाळकसाहेब म्हणाले, "बघा, हा माणूस हो म्हणतच नाही. कारणं सांगत बसतो. मला पाण्यात न्यायला कुणी नाही, माझ्या आधी दुसराच उतरतो. आणि तरी येशू त्याला उठवतो. आधी नीट उत्तर दे, मग बघू, असं म्हणत नाही."

माझ्या अंगावर काटा आला नाही, डोळेही भरले नाहीत. पण कुणाचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं, असं फार दिवसांनी झालं होतं. प्रश्न विचारावा, समोरच्याला उत्तर देता येऊ नये, आणि तरी विचारणाऱ्यानं त्याला टाकून देऊ नये. हे मला नवीन होतं. दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

बधिरपणा काही लगेच गेला नाही. आणि पहिल्यांदा जे काही वाटलं, तो चक्क राग होता. घरी येताना मावशी मागून सारख्या "हळू गं, हळू," करत होत्या. मी स्कूटर बाजूला घेतली आणि ओरडले, "मावशी, मला चालवता येते!" माझाच आवाज ऐकून मी दचकले. मावशी हसायला लागल्या.

"बरं झालं. तुझ्या घशात आवाज आहे म्हणजे."

त्यानंतर मी त्यांच्याकडं दुपारची जाऊन बसू लागले. त्या प्रार्थना करायच्या, मी नुसती बसायचे. हळूहळू मीही करू लागले. फार काही नाही. 'मला काही वाटत नाहीये,' एवढंच येशूला सांगायचे. रोज तेच. मला जमत होतं तेवढं ते होतं, आणि ते कुणीतरी ऐकतंय अशी खात्री कधी वाटायला लागली, ते नेमकं सांगता येणार नाही.

पप्पांना सांगणं अवघड होतं. आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला, त्याचा पप्पांना आजही अभिमान आहे. पौर्णिमा त्यांनी कधी चुकवली नाही. मी म्हटलं, "पप्पा, मला बाप्तिस्मा घ्यावासा वाटतोय." त्यांनी टीव्ही बंद केला.

"मावशींनी सांगितलं?"

"नाही."

"माझ्या बापानं धम्म घेतला तो विचार करून घेतला होता," ते म्हणाले. "तुझं डोकं सध्या ठिकाणावर नाही, पोरी. ठिकाणावर आलं आणि तरी हेच वाटलं, तर मी आड येणार नाही. पण आत्ता नको."

मी हे पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं, ते पप्पांच्या विरुद्ध काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "वडील बरोबर बोलतायत. थांबा. आणि डॉक्टरांना भेटलात का?" मी भेटले नव्हते. मग चिंचवडला एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी गोळ्या दिल्या, बोलायला बोलावलं. तेही बरेच महिने चाललं.

त्याच काळात चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तेच काम, तीच खुर्ची. मी मावशींना विचारलं, "देव वाट दाखवतो म्हणता ना, ती कशी दाखवतो?"

"मला तर कधी कानात येऊन कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डात काही सुचेनासं झालं की मी त्याला विचारायचे आणि समोरच्या पेशंटचं अंथरूण बदलायला घ्यायचे. बदलून होईपर्यंत बहुतेक वेळा पुढचं कळायचं. नाही कळलं तर दुसऱ्याचं बदलायचं."

मी त्या कंपनीला 'येत नाही' असं कळवलं. का, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. घरातली कामं करत राहिले, पप्पांचं जेवण, मावशींची औषधं. पुढं कुरुळीत मुलींना कारखान्यातलं काम शिकवणाऱ्या एका छोट्या केंद्रात मोजमाप शिकवायला कुणी मिळत नव्हतं. उपासनेला येणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं. मी गेले. मुली चुकतात, मी परत दाखवते. घरी येताना थकलेली असते, पण तो थकवा नुसता अंगाचा असतो.

वर्ष उलटून गेल्यावर मी पप्पांना पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "आता ठीक वाटतेस."

बाप्तिस्म्याच्या रविवारी ते विहारात जाताना घालतात तो पांढरा सदरा घालून आले. आत येऊन मावशींच्या शेजारी बसले. गाण्यांना उभे राहिले, पण ओठ हलवले नाहीत. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा मला फार काही वाटलं नाही. गार लागलं आणि मी शांत होते. एवढ्यावर माझं भागलं. सगळं परत येईल की नाही मला माहीत नाही. आईसाठी रडू अजून आलेलं नाही. त्याची मी आता घाई करत नाही.

बाहेर आल्यावर पप्पांनी मला रुमाल दिला. केस पुसून होईपर्यंत थांबले आणि मग मावशींकडं वळून म्हणाले, "गाणी जरा लांबलीच हं तुमची."

"आमच्याकडं लांबतातच," मावशी म्हणाल्या. "चला, घरी मटण करून ठेवलंय."