चहाचं आमंत्रण आणि पन्नास मीटर

नंदनने त्या सकाळी जे केलं, ते अमळनेरात केलं असतं तर चारचौघांनी पाठ थोपटली असती. ओटावात पोलीस आले.

सुहासिनीकाकूंच्या बेसमेंटमध्ये तो भाड्याने राहायचा. काकू डबा विसरल्या, म्हणून तो त्या मदतीला जायच्या त्या गर्भपाताच्या दवाखान्यावर द्यायला गेला. कोपऱ्यावर एक गोरे आजोबा, पाटी रस्त्याकडे धरून, बर्फात कुडकुडत उभे. दवाखान्याबाहेर म्हातारं माणूस म्हणजे पेशंटचा नातेवाईक, हा अमळनेरचा हिशेब. त्याने मागूनच दंड धरून त्यांना थेट दारात आणलं. "कम अंकल, गरम चहा देतो!"

दारात पाटी वळली. 'गर्भपात म्हणजे खून.'

रिसेप्शनवरची मुलगी किंचाळली आणि तिने पोलीस बोलावले. दवाखान्यापासून पन्नास मीटरच्या आत निषेधाला कायद्याने बंदी. आता आजोबांवर, म्हणजे वॉल्टरवर, गुन्हा दाखल होणार होता. 

तेवढ्यात काकू आल्या. पूर्वाश्रमीच्या भूलतज्ज्ञ. पंच्याहत्तरी उलटली तरी बसस्टॉपपासून दारापर्यंत बायकांना सोबत करायच्या. एके काळी याच दारात लोक त्यांच्यावर थुंकले होते, 'खुनी' म्हणून ओरडले होते. ही बंदी यावी म्हणून त्यांनी साक्ष दिली होती. नंदनला वाटलं, संपला वॉल्टर.

"ऑफिसर, हे गृहस्थ पन्नास मीटरची रेषा कधीच ओलांडत नाहीत. आज आमच्या या दिवट्याने ओढून आणलंय."

"म्हणजे तुम्ही यांच्या बाजूने?"

"छे! यांचं एक अक्षर मला पटत नाही. पण रेषा मागितली ती बायकांना दार मोकळं मिळावं म्हणून. यांचं तोंड शिवायला नाही."

पोलिसाने नुसती समज दिली. मग काकूंनीच वॉल्टरचा हात धरला, घसरड्या बर्फावरून जपत कोपऱ्यापर्यंत नेलं आणि पाटी हातात दिली. सुलटी, अक्षरं रस्त्याकडे. नंदन आ वासून बघत राहिला.

"उद्याही येणार मी," वॉल्टर गुरगुरला.

"मीपण. बूट जरा बरे घाला."

गाडीत नंदनने भीत भीत विचारलं, "काकू, राग नाही येत?"

"येतो की. रोज येतो. म्हणून तर रेषा हवी. मलासुद्धा." मग डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "आणि चहा कबूल केलायस ना त्यांना, शहाण्या?"

तेव्हापासून काकूंना सोडायला जाताना नंदन थर्मास भरून नेतो. कोपरा येतो, पाटी दिसते आणि पाय काही गाडीबाहेर पडत नाही. चहा अजून बाकीच आहे.