साच्याखालच्या तीन पट्ट्या

त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात सगळे त्यांना नाकमुरडे म्हणत. हे नाव इतकं चिकटलं, की गेटवरचा वॉचमनही पाहुण्यांना सांगायचा, "नाकमुरडे आत प्रेसवर आहेत." माणूस होताही तसाच. चहा पाणचट झाला, नाक मुरडलं. मालकाचं भाषण लांबलं, नाक मुरडलं. मेहुण्याने हौसेने नवं घर दाखवायला नेलं, तर हे बैठकीच्या खोलीत जाण्याआधी दाराची बिजागरी बघून म्हणाले, "शी! ही कुणी बसवली?" मेहुणा त्यांच्याशी अजून धड बोलत नाही.

पण त्याच नाकावर कारखाना जगत होता, हे विसरून चालणार नाही. साठ माणसांचा कारखाना. एका मोठ्या मोटार कंपनीच्या गाड्यांसाठी सायलेन्सरचं कवच तिथे बनायचं. सपाट पत्रा प्रेसमध्ये घालायचा, साचा दाबायचा, की लांबट टरफल बाहेर. अशी दोन टरफलं जोडली की कवच तयार. साचा बसवायचं काम नाकमुरड्यांचं, सत्तावीस वर्षं. आणि तपासणीच्या टेबलावर त्यांची बायको. टरफलाच्या काठावरून ती अंगठा फिरवायची, डोळे भलतीकडेच. केसाएवढी चीर असली तरी माल बाजूला. नवऱ्याच्या नाकातून सुटलं तरी बायकोच्या अंगठ्यातून सुटत नाही, असं लोक म्हणत. टरफल परत आलं की ही दोघं जेवणाच्या सुट्टीत भांडत, आणि संध्याकाळी एकाच सायकलवरून घरी जात.

साचा जुना, एका अंगाने झिजलेला. कंपनीच्या नकाशाप्रमाणे बसवला तर टरफलाचा मागचा डावा कोपरा हमखास फाटायचा. नाकमुरड्यांनी कधीकाळी तेलाच्या रिकाम्या डब्यातून तीन पट्ट्या कापल्या आणि साच्याखाली सरकवल्या. एक पुढे, दोन मागे. फाटणं बंद. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. साचा उतरवला की पट्ट्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, बसवला की साच्याखाली.

मग विजेच्या गाड्या आल्या. येऊ द्यात की! धूर कमी होत असेल तर कुणाच्या पोटात दुखतंय? नाकमुरड्यांचा त्या गाडीवर राग नव्हता. राग होता तो सांगणाऱ्यांच्या तोंडावर. मोटार कंपनीचे खरेदीवाले साहेब आले ते हातात सन्मानचिन्ह घेऊन. 'सर्वोत्तम पुरवठादार'. फोटो झाले. "तुम्ही आमचं कुटुंब आहात," साहेब म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्याच गोड आवाजात म्हणाले, की विजेच्या गाडीला धूर नाही, त्यामुळे सायलेन्सर नाही, त्यामुळे सहा महिन्यांनी नवी मागणी नाही. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी दहा वर्षं सुटा माल लागेल, पण तो दुसऱ्या गावातल्या स्वस्त कारखान्यातून. साचा कंपनीच्या मालकीचा, तो तिकडे जाईल. "तुम्ही साचा नीट चालू करून दिलात, तर बॅटरीच्या पेटीच्या कामासाठी तुमचा विचार करू."

विचार करू! कोपराला गूळ लावून चाट म्हणायचं ते हे असं. मालक मात्र मान डोलावत राहिले. गरीब माणूस, काय करणार? पेटीचं काम मिळालं तर कारखाना राहणार होता, नाहीतर कुलूप.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सगळे नळापाशी जमले. वेल्डर म्हणाला, "पट्ट्या द्यायच्या नाहीत. साचा तिकडे चालणारच नाही. मग येतील झक मारत. तेव्हा म्हणायचं, आधी पेटीचं काम लिहून द्या." सगळ्यांना पटलं. नाकमुरड्यांनाही पटलं, आणि हे क्वचितच व्हायचं.

घरी बायकोने पुन्हा बजावलं. "अहो, आयुष्यात एवढी एकच गोष्ट माझी ऐका. नकाशात आहे तसा साचा बसवा आणि स्टुलावर बसून राहा. तोंड उघडू नका. खोटं बोला असं नाही म्हणत मी. नकाशात पट्ट्या नाहीतच की!"

"मी काय दूधखुळा आहे?" नाकमुरडे म्हणाले.

सहा महिने सरले, साचा त्या स्वस्त कारखान्यात हलला आणि तो बसवून द्यायला तीन दिवसांसाठी ते तिकडे गेले. लांबलचक शेड, पत्र्यावर धूळ, प्रेसच्या पायाशी सांडलेलं तेल. बघूनच त्यांनी नाक मुरडलं. त्यांनी साचा नकाशाप्रमाणे बसवला आणि स्टुलावर बसले. शंभरातली साठ टरफलं फाटली. तिथला सेटर, म्हणजे साचा बसवणारा, खालमानेचा भला माणूस, घामाघूम झाला. "काका, कुठे चुकतंय?" त्याने विचारलं. नाकमुरड्यांनी छताकडे बघितलं. पहिला दिवस निभावला. जड गेला, पण निभावला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा एक तपासनीस आला. त्याने फाटक्या टरफलांचा ढीग बुटाने उलटापालटा केला आणि म्हणाला, "एवढं काय त्यात? वेल्डिंगने भरा, वरून रंग मारा. जुन्या गाडीखाली वाकून कोण बघतंय?"

लगेच भरायला सुरुवात झाली. भेगेवर वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे, त्यावर चकचकीत काळा रंग. एक टरफल नाकमुरड्यांच्या मांडीवर ठेवून तपासनीस म्हणाला, "बघा, नव्यासारखं!" नाकमुरड्यांनी ते बोटाने दाबलं. रंगाखाली भोक तसंच होतं. उद्या कुणाच्या तरी गाडीत, पोराबाळांच्या नाकातोंडात तो धूर जाणार. त्यांना अशी किळस आली, की ते उठून मोरीपाशी गेले आणि सकाळचा चहा ओकून आले.

"हट! बाजूला व्हा सगळे!" परत येऊन ते ओरडले. "लाजा नाही वाटत? ह्याला काम म्हणता?" खिशात हात गेला. दीड तास ते प्रेसखाली अर्धे आत, अर्धे बाहेर. पट्ट्या सरकवल्या, दाबून बघितल्या, पुन्हा सरकवल्या. मग टरफलं येऊ लागली, एकामागून एक, अखंड. तिथला सेटर त्यांच्या पायाच पडायला निघाला. नाकमुरड्यांनी त्यालाही नाक मुरडलं.

घरी आल्यावर बायकोने सदरा धुवायला घेतला, खिसा चाचपला आणि ती तशीच उभी राहिली.

"दिल्यात?"

"माझ्या डोळ्यांसमोर रंग मारत होते गं भेगेवर."

"मारू द्यायचा होता! आपल्या साठ घरांवर रंग मारून आलात, त्याचं काय? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!" ती ओरडली आणि मग चार दिवस बोलली नाही. डबा मात्र भरत राहिली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मालकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. बॅटरीच्या पेटीचं काम त्याच स्वस्त कारखान्याला मिळालं होतं, कारण साचा तिकडे गेल्यापासून त्यांचा एकही नग परत आला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो. कुणी नाकमुरड्यांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. वेल्डरने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि त्यांच्या शेजारून निघून गेला. सत्तावीस वर्षं जगावर नाक मुरडलं, पण अशी शिसारी त्यांना कधी आली नव्हती, आणि ती त्यांना स्वतःचीच आली होती.

कारखान्याला कुलूप लागलं. सन्मानचिन्ह मालकांनी त्यांना देऊन टाकलं. त्याची कडासुद्धा धड घासलेली नव्हती, बोटाला कापत होती. नाकमुरड्यांनी ते माळ्यावर फेकलं.

पुढे एका दुपारी दोघं जेवायला बसली होती आणि फोन वाजला. बायकोने उचलला, ऐकलं, आणि आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरला. तिकडचा सेटर होता. "काका, पेटी दाबतोय, पण कोपरा फाटतोय. नकाशाप्रमाणेच बसवलंय सगळं. साहेब म्हणतात, भरून रंग मारा. तुम्ही सांगा, काय करू?"

नाकमुरड्यांच्या हातातला घास हातातच राहिला. उत्तर त्यांना ठाऊक होतं, निदान कुठून शोधायचं ते ठाऊक होतं. बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"फाटू दे," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

बायकोने मान हलवली. "अस्सं! आता कशी अक्कल आली."

दोघं जेवू लागली. नाकमुरडे भात नुसताच कालवत राहिले. बायकोचा अंगठा ताटाच्या काठावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला, मग थांबला.

"अहो," ती म्हणाली, "कुठला कोपरा फाटतोय, हे तरी विचारायचंत."