चौदाची काळी पट्टी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिस्टिलरीत नेमका त्याच टाकीपाशी उभा होतो. महिना उलटला, पण तिच्याजवळ गेलो की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही...

भास्कर बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, मी देवळाली प्रवराजवळच्या कारखान्यात केमिस्ट. मैत्री कॉलेजच्या बाकावरची. बुडबुड्यांचा आकार आवाजावरून मोजायचा, हे त्याचं वेड. "बारका बुडबुडा चिरकतो, मोठा घुमतो. न बघता मापता येतो गड्या!" त्याचे वडील भीमगीतं गायचे, त्यांची पेटी घरात होती. सायकलच्या ट्यूबमध्ये माइक बांधून तो बादलीत सोडायचा, नळीतून हवा फुंकायचा आणि उमटलेला सूर पेटीवर शोधायचा. मग तसलेच शंभर बुडबुडे मोजपात्रात धरून एकाचं माप काढायचा आणि पेटीच्या त्या पट्टीवर मिलिमीटरचा आकडा चिकटवायचा. वहिनी वैतागायच्या, "पेटी हाय का फूटपट्टी?"

एका हंगामात आमची मळी नीट आंबेना. यीस्टच्या टाकीत बारीक भोकांतून हवा सोडणारा पाइप तळाशी असतो, वरून दिसतो फक्त फेस. मीच भास्करला बोलावलं. त्याने माइक सोडून कॅसेट भरली, रात्री घरी पेटीवर तो सूर शोधला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने परत आला. "आठचे बुडबुडे पाहिजेत, चौदाचे येतायत. पाइप चिरलाय. साहेबाला सांग, टाकी उघडा." आता साहेबांपुढे पेटीचं नाव काढायचं? मला लाज वाटली. वर मीच त्याला म्हणालो, "अरे, हा कारखाना आहे, गाण्याची पार्टी नाही." त्याने कॅसेट पिशवीत ठेवली आणि स्टँडकडे चालू लागला.

पंधरा दिवसांनी टाकी उघडावीच लागली. पाइपला बोटभर चीर! "मला शंका होतीच," मी म्हणालो. साहेबांनी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो, आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. भास्करला सांगायचं आज-उद्या करत राहिलो. बेलापूर काही लांब नव्हतं...

परवा वहिनींना भेटायला गेलो. पेटी खिडकीतच होती, आकड्यांचे कागद पिवळे पडलेले. माझा हात आपोआप भात्याकडे गेला आणि चौदाची काळी पट्टी दाबली गेली.

"भावजी, दवाखान्यातबी सारखं इचारत हुते, टाकी उघडली का म्हणून. उघडली हुती का?"

"उघडली होती. चौदाच होते."

वहिनी पेटीजवळ आल्या. "मंग त्यांना सांगायचं न्हाई का?"

भात्यातली हवा संपली होती. माझं बोट पट्टीवरून निघत नव्हतं.