लकव्यानंतरचा सॅक्सोफोन

माझे बाबा तीस वर्षं सानगडीच्या बँड पार्टीत सॅक्सोफोन वाजवत होते. वरातीत कुठल्याही गाण्याची फर्माईश होवो, बाबा ते जसंच्या तसं उतरवायचे. सूर इकडचा तिकडे होत नसे आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

पासष्टीला आले तेव्हा त्यांना लकवा मारला. हात सुधारला, पण ओठाचा डावा कोपरा लोंबताच राहिला. तिथून हवा निसटायची आणि सूर फाटायचा. बँडचे मालक घरी आले, चहा घेतला आणि आता आराम करा म्हणाले. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

तरी बाबा रोज दुपारी वाजवत. कधी नुसता श्वास, कधी बटणांची खडखड, मधेच एकदम किंकाळीसारखा वरचा सूर. मी साकोलीला शाळेत शिकवते. येता-जाता शेजारच्या बाया विचारायच्या, बाबांची तब्येत ठीक आहे ना? एक दिवस मी चिडून म्हटलं, "बाबा, लोक हसून राहिले. बंद करा आता."

त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं. सहा-सात महिने ती पेटी उघडली नाही. मी सुटले असं मला वाटलं, हे आज लिहायलाही जड जातं.

मग नागपूरला एका प्रशिक्षणात सोबतच्या शिक्षकाने मोबाइलवर परदेशातल्या एका माणसाचा सॅक्सोफोन ऐकवला. जाझमध्ये अशीही मंडळी असतात, ती सूर ठरवून मोडतात, तो सांगत होता. मी ऐकत होते आणि मला आमची दुपार ऐकू येत होती.

घरी येऊन मी ते बाबांना लावून दिलं. डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "याले बी लकवा मारला काय?"

"नाही बाबा. तो मुद्दाम वाजवते असं."

"मंग मी बी मुद्दाम वाजवतो," ते म्हणाले आणि उठून पेटी काढली.

पुढच्या बुद्ध जयंतीला, वंदना आणि भाषणं झाल्यावर, त्यांनी विहारात वाजवण्याची परवानगी मागितली. कुणाला नाही म्हणवेना. पाच मिनिटांत अर्धे लोक उठून गेले. मी मान खाली घालून बसले होते, पण उठले नाही. संपल्यावर तलावावर मासे धरणाऱ्या घरची एक म्हातारी बाबांजवळ आली. तिचा नवरा गेल्याच वर्षी वारला होता.

"माहा बुढा शेवटी असाच श्वास घेत होता," ती म्हणाली. "तुले कसं समजलं?"

बाबा तिचा हात धरून बसले.

मला ते संगीत अजूनही पूर्ण कळत नाही. कधी कधी मी दुसऱ्या खोलीत जाते. पण थांबा म्हणत नाही. हल्ली महिन्यातून एकदा त्या शिक्षकाच्या ओळखीचा नागपूरचा एक ड्रमवाला येतो आणि दोघं अंगणात तासभर वाजवतात. तो गेल्यावर बाबांची तक्रार ठरलेली असते, की माणूस चांगला आहे, पण ताल फारच सरळ ठेवतो.