सुईचं टोपण

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्पितळात वैजयंती सिस्टरांचा दरारा असा, की पेशंटचा तापही त्यांना विचारून चढायचा. इंजेक्शनच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात बोर्ड लावला होता: वापरलेल्या सुईला परत टोपण घालू नये. गेल्या महिन्यात नव्या उषानं नेमकं तेच केलं, तेव्हा बाईंनी तिला पेशंटांसमोर तो बोर्ड तीनदा मोठ्यानं वाचायला लावला. लॅबमधला मधुकर बाईंच्या खालच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. दिवसा तो रक्त काढी, संध्याकाळी बातम्या. त्यामुळे ती गंमत आठ दिवस गल्लीभर पुरली.

आणि आज, सकाळी पावणेअकराला, ठेकेदाराकडच्या एका वेल्डरला इंजेक्शन देऊन झाल्यावर बाईंच्या हातानं आपसूक टोपण उचललं. नागपूरला ट्रेनिंगमध्ये हाताला लागलेलं वळण ते. पंचवीस वर्षांनीही हात बोर्ड वाचत नव्हता. सुई टोपणाला चुकली आणि डाव्या अंगठ्यात शिरली.

कुणी पाहिलं नव्हतं. बाई नळाखाली अंगठा साबणानं धूत राहिल्या. वेल्डरच्या रक्तात काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. एड्सचा विषाणू असेल तर औषधाची पहिली गोळी शक्यतो दोन तासांत घ्यायची, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण गोळी हवी तर अपघातांच्या वहीत लिहायला हवं. वहीत लिहिलं की रक्त तपासायला मधुकर, आणि मधुकर म्हणजे गल्ली. शिवाय उषासमोर मान खाली. अकरा वाजले. सव्वाअकरा. बाईंनी चार पेशंट तपासले, एकाचं बीपी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा विसरल्या.

साडेअकराला उषा शेजारी येऊन उभी राहिली. आता बदला घेणार, असं बाईंना वाटलं. पण ती कचऱ्याच्या डब्याकडे बघत हळूच म्हणाली, “ताई, तुमच्या हातमोज्याला आतून रक्त आहे. वही आणू?”

बाईंनी वही घेतली. ‘टोपण घालताना’ हे दोन शब्द लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

डॉक्टरांनी वेल्डरला परत बोलावून समजावलं, तो तपासणीला हो म्हणाला. मधुकरनं त्याचं रक्त घेतलं आणि तपासणीची पट्टी टेबलावर ठेवली. पंधरा मिनिटं. रोज सुई टोचताना चार विनोद करणारा माणूस एक अक्षर बोलेना. बाईंना पट्टीपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटली. गोळी समोर काढून ठेवलेली, पाण्याचा ग्लास भरलेला. उषानं त्यांचा दुसरा हात कधी धरला, कळलंही नाही.

मधुकर वाकला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाकला.

“एकच रेघ, सिस्टर. निगेटिव्ह.” मग थोडं थांबून, “तीन महिन्यांनी तुमची परत तपासणी. तोवर तो बोर्ड वाचायचा सराव ठेवा. तीनदा.”

बाई खुर्चीत बसल्या. गोळीसाठी भरलेलं पाणी त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. संध्याकाळी गल्लीत बातमी पोचायच्या आत त्यांनी ती स्वतःच, मधुकरच्याच ओट्यावर बसून, सगळ्यांना सांगितली. मधुकर बिचारा दुसरी बातमी शोधत घरात गेला.